'शुगर'चं माहेर
(संक्रांतीच्या मेळाव्यातील भाषण)

नमस्कार मंडळी, तिळगूळ घ्या, गोड बोला!

समोर हलवा आहे, तो हातात घेऊन बघा. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, त्यावर चमचाभर पाक, आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. घाई केली की काटा येत नाही. हा काटा म्हणजे पाकातून सुटलेले साखरेचे कण. इंग्रजी 'शुगर'चं मूळ या कणांतच आहे.

संस्कृतात 'शर्करा' म्हणजे मुळात खडे, रेव. सुश्रुतसंहितेत लघवीवाटे पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हटलंय. उसाचा रस आटवून त्याचे कोरडे कण करायची विद्या आपल्याकडे साधली आणि त्या कणांनाही हेच नाव मिळालं. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीज हा ग्रीक वैद्य 'साखारोन'बद्दल लिहितो, ते मिठासारखं आणि दाताखाली फुटणारं. म्हणजे शब्दाबरोबर ती कचकचही ग्रीसपर्यंत पोचली होती!

पुढे फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर'. अरबांनी ऊस सिसिली आणि स्पेनमध्ये नेऊन लावला. स्पॅनिशमध्ये अरबी 'अल्' (इंग्रजी 'द'सारखं उपपद) चिकटून 'असुकार' झालं. इटालियन 'झुक्केरो', फ्रेंच 'स्यूक्र' आणि तेराव्या शतकात इंग्रजी. 'कँडी'सुद्धा आपल्या संस्कृत 'खंड'चीच, म्हणजे साखरेच्या खड्याचीच लेक, तीही फारसी-अरबी वाटेनंच गेली.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती चीनची नोंद. 647 च्या सुमारास तांग सम्राट ताइझोंगनं रस आटवण्याची रीत शिकायला मगधात माणसं पाठवली. नुसती साखर मागवून त्याचं भागलं नाही, त्याला हातातली कला हवी होती. आपल्या मुलांना इथं शब्दांबरोबर हलवा करायलाही शिकवा, असं मी कळकळीनं सांगतो ते यासाठीच.

या साखरेनं माणसांचे हालही फार केले. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबले. गुलामगिरी संपल्यावर मॉरिशसच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसंही होती. परदेशी मराठी माणूस म्हटलं की आपल्याला इंजिनिअर आठवतो. त्याच्या कितीतरी आधी ही माणसं समुद्रापलीकडे ऊस तोडत होती. त्यांच्या वंशजांनी आपले सण सोडले नाहीत. मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.