सिलिंडर गार करायचा तो कुठे आणि किती

(चोपडा येथे ट्रॅक्टरमालक आणि मिस्त्री मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो आणि नेमकं तेव्हाच रोटाव्हेटरचं काम जोरात असतं. पाणी उकळलं की सगळे म्हणतात, कूलिंग वाढवा. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. सिलिंडर सगळीकडे सारखा तापत नाही, म्हणून तो सगळीकडे सारखा गार करूनही भागत नाही.

डिझेलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा कामी येतो, जवळपास तेवढाच सायलेन्सरवाटे जातो, उरलेली बहुतेक उष्णता पाण्यात आणि तेलात उतरते. जळताना आतला वायू 2000 अंशांच्या वर असतो. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्या बराच आधी मऊ पडतो. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचा तेलाचा थर तर 200 अंशांच्या आसपासच टिकेनासा होतो. या सगळ्याचा मार पडतो लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या, वरच्या टोकाला, आणि त्याहून जास्त हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या ठोकळ्यात, दोन व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद पट्टीला. हेडला चीर पडते ती बहुधा तिथेच. लायनरच्या खालच्या भागाला ज्वाळा जवळजवळ दिसतच नाही. तो फार गार ठेवला तर तेल घट्ट राहतं, पिस्टन ओढून चालतो, भिंतीशी डिझेल अर्धवट जळतं आणि लायनर लवकर झिजतो.

म्हणून चांगल्या इंजिनात पाणी त्या पट्टीजवळच्या बारीक वाटांतून वेगानं नेलेलं असतं. काही इंजिनांत हेडचं आणि ब्लॉकचं, म्हणजे सिलिंडर असलेल्या खालच्या मुख्य भागाचं, पाणी वेगळं फिरवतात, हेड जास्त गार, ब्लॉक थोडा गरम. पिस्टनला खालून तेलाची धार मारतात, कारण पाणी पिस्टनपर्यंत पोचूच शकत नाही.

आता आपल्या उन्हाचा हिशेब करू. रेडिएटरमधलं पाणी 90 अंश आणि हवा 25 अंश असेल, तर फरक 65. हवा 45 झाली की फरक उरतो 45. रेडिएटर उष्णता टाकतो ती या फरकाच्या प्रमाणात, म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद सुमारे तीस टक्क्यांनी कमी! इथे रेडिएटरच्या झाकणाचं महत्त्व कळतं. 0.9 बार दाब धरणारं झाकण धड असेल तर साधं पाणीही 118-119 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी 105 अंशांवर गेलं तरी ते पाणीच राहतं आणि फरक पुन्हा 60 होतो. त्याच झाकणाचं रबर फाटलं की 100 अंशांवर वाफ धरते. वाफेची चादर त्या गरम पट्टीवर बसली की धातूची उष्णता पाण्यात जातच नाही. एवढ्याशा रबरापायी हेड आणि ब्लॉकमधली पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, उडते, हे मला फार लागतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. रावेर-यावल पट्ट्यात बोअर खोल गेले, पाणी जड झालं. तेच आपण रेडिएटरमध्ये ओततो. क्षार बसतात नेमके सर्वांत गरम जागी. एक मिलिमीटर क्षाराचा थर उष्णता अडवतो ती इंचभर जाड ओतीव लोखंडाइतकी, कधी त्याहून जास्त. बाहेरून रेडिएटर लखलखीत, आत हेड भाजतंय. शुद्ध केलेलं पाणी आणि कुलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, कंपनी सांगेल त्या प्रमाणात घाला. कुलंटमुळे ओल्या लायनरच्या, म्हणजे ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं त्याच्या, पाण्याकडच्या बाजूला पडणारी बारीक भोकंही कमी होतात. पिस्टनच्या धक्क्यानं लायनर थरथरतो, पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि धातू पोखरतात, त्यावर कुलंटमधली रसायनं संरक्षक थर धरतात.

उन्हाळा आला म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून फेकणारे मिस्त्री आपल्यात आहेत. भाऊ, कृपा करून हे थांबवा. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तो काढला की ती वाट उघडीच राहते, काही गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं. भर उन्हात चढावर गाडी जास्त तापते आणि सकाळी वेळेवर गरमही होत नाही.

विहिरीवरच्या जुन्या इंजिनांचंही तेच. पंपाच्या पाण्याची नळी थेट जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, सोडली की गार पाणी खालून शिरतं, सिलिंडर कायम थंड राहतो, आणि रोज नवं पाणी म्हणजे रोज नवे क्षार. त्यापेक्षा उंचावर टाकी जोडा. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार खाली येतं, तेच पाणी फिरत राहतं.

दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, काढताना भुसा रेडिएटरच्या जाळीत अडकतो. हवा मारायची ती पंख्याच्या बाजूनं बाहेर, समोरून मारली तर भुसा आणखी आत ठासतो. आणि गाडी तापली तर लगेच बंद करू नका, झाकण उघडू नका. भार काढा, थोडा वेळ हळू चालू द्या, पंखा-पंप फिरू द्या. पाणीच संपलं असेल तर मात्र तत्काळ बंद करा, आणि इंजिन निवेपर्यंत गार पाणी ओतू नका.

टेबलावर एक कापलेलं हेड ठेवलंय. व्हॉल्व्हच्या मधली वाट त्यात दिसते आणि तिच्यात साचलेला क्षारही. दोघं-तिघं करून पुढे या, बोट घालून बघा, मग प्रश्न घेऊ.