आयर्न शेख: खलनायक पैलवानाचं कसब

मंडळी, जुम्मादादा व्यायाममंदिराच्या आणि माणिकरावांच्या वडोद्यात निकाली कुस्तीवर बोलावं. आज मात्र विषय ठरवून केलेल्या कुस्तीचा आहे. अमेरिकेतल्या या व्यावसायिक कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणून मोडीत काढतात. ते मला मान्य नाही. तिथला खलनायक बहुधा दोघांतला जाणता गडी असतो. कुस्तीचा वेग तो राखतो, पुढचा डाव प्रतिस्पर्ध्याच्या कानात तोच सांगतो आणि नायकाला मोठं करत शेवटी पडतोही तोच. याचं उत्तम उदाहरण म्हणजे हुसेन खोसरो वझिरी, अर्थात आयर्न शेख.

जन्म १९४२ चा, इराणमधल्या दामगानचा. अमेरिकेत आल्यावर १९७१ साली त्यानं एएयू या हौशी खेळाडूंच्या अमेरिकी संघटनेच्या स्पर्धेत ग्रीको-रोमनमध्ये, म्हणजे कमरेखाली पकड न करायच्या कुस्तीत, १८०.५ पौंडांच्या, म्हणजे साधारण ८२ किलोंच्या गटात सुवर्णपदक घेतलं. पुढे मिनेसोटात व्हर्न गान्या या नामवंत पैलवान-प्रशिक्षकाच्या हाताखाली तो व्यावसायिक कुस्ती शिकला. पुढे नावाजलेले पैलवान रिक फ्लेअर आणि केन पटेरा त्याच तुकडीतले.

या शिक्षणात आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, पाठीचा वरचा भाग सपाट आणू द्यायचा आणि त्याच क्षणी दोन्ही तळहात कॅनव्हासवर आपटायचे. हनुवटी सुटली की डोकं मागे आपटतं. हात आधी टेकला की मनगट किंवा कोपर जातं. आपल्या हौद्यात ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली माती असते. रिंगमध्ये लोखंडी चौकट, त्यावर फळ्या, पातळ फोम आणि ताणलेलं कॅनव्हास. नायक उसळला की खलनायकाला एकामागून एक तीन-चारदा पडावं लागतं, तेही रोज नव्या गावात. गुडघे आणि घोटे तिथेच झिजतात.

मुंडण केलेलं डोकं, पीळदार मिशा आणि वर वळलेल्या टोकांचे बूट, हे त्याचं रूप. नोव्हेंबर १९७९ ते जानेवारी १९८१ असे ४४४ दिवस तेहरानमध्ये अमेरिकी नागरिक ओलीस होते. तो राग प्रेक्षकांत होताच. शेखनं इराणचा झेंडा आणला, अमेरिकेचं नाव घेऊन थुंकला, एवढं पुरे झालं. अवघड भाग पुढचा. राग फार लवकर पेटवला तर नायकाच्या मुसंडीला काही उरत नाही, आणि फार ताणला तर लोक बाटल्या फेकतात, कठड्यावरून आत येतात. म्हणून लोक चढले की खलनायकानं दोन पावलं मागे घ्यायची, नायकाला एक-दोन ठोसे मारू द्यायचे, आणि मगच पुन्हा गळा धरायचा.

त्याची दुसरी खूण तुम्हाला घरची वाटेल. इराणी जोरखान्यातले मील म्हणजे आपल्या मुद्गलांचे भाऊबंदच. तो ती अवजड जोडी रिंगमध्ये फिरवायचा आणि समोरच्याला आव्हान द्यायचा. मुद्गल खांद्यातून फिरतो, मनगटातून नाही; कोपर कानाजवळ राहिलं नाही तर पाठीमागून येणारा फेर पाठीवरच बसतो. तेव्हाचा डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीचा विजेता बॉब बॅकलंड स्वतः महाविद्यालयीन कुस्तीतला विजेता, त्यानं जोडी फिरवून दाखवली. आणि दोन्ही हात अडकलेले, मान उघडी, अशा वेळी शेखनं मागून हल्ला केला. पुढच्या सामन्यासाठी बॅकलंडची मान दुखावली हे प्रेक्षकांच्या मनावर ठसलं.

२६ डिसेंबर १९८३, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. शेखनं कॅमल क्लच लावला. प्रतिस्पर्धी पालथा, आपण त्याच्या कमरेवर बसायचं, त्याचे दोन्ही दंड आपल्या मांड्यांवर घ्यायचे, हनुवटीखाली बोटं गुंतवायची आणि मागे झुकायचं. बघणाऱ्याला मणका मोडतोय असं दिसतं. प्रत्यक्षात वरच्यानं वजन स्वतःच्या पायांवर तोलायचं असतं, पकड गळ्यावर नाही तर जबड्याखाली ठेवायची असते. दमलेला गडी सगळा भार टाकून बसला की खालच्याचा श्वास कोंडतो; हिसका दिला तर मान खरोखर जाते.

बॅकलंडनं हार कबूल केलीच नाही. त्याचा व्यवस्थापक अर्नोल्ड स्कालंडनं हार मानल्याची खूण म्हणून टॉवेल फेकला. फेब्रुवारी १९७८ पासूनचा विजेता पडला, पण त्याचा मान राहिला. मला हा शेवट फार सुबक वाटतो. हल्क होगनला विजेता करायचं होतं, पण एका लाडक्या नायकानं दुसऱ्याला हरवलं तर प्रेक्षक दुभंगतात. मधे खलनायक लागतो. त्यातून बॅकलंडसारखा कसलेला मल्ल सोंगाड्याकडून हरला तर पटणार कोणाला? तिथे शेखचं खरं बळ कामी आलं.

२८ दिवसांनी, २३ जानेवारी १९८४ ला, होगन त्याच कॅमल क्लचमधून त्याला पाठीवर घेऊन उठला, मागे सरकला आणि त्याला कोपऱ्यावर आदळलं. अशा वेळी पाठीवरच्यानं गुडघे आवळून धरायचे असतात, नाहीतर तोल जाऊन दोघंही तोंडावर. उठण्याचं श्रेय होगनला मिळालं. त्यात निम्मं काम शेखचं होतं.

त्याच वर्षी अमेरिकी सैनिकाचं सोंग घेणाऱ्या सार्जंट स्लॉटरशी वैर रंगलं, आणि ३१ मार्च १९८५ च्या पहिल्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या मोठ्या वार्षिक सोहळ्यात, रशियन खलनायकाचं सोंग घेणाऱ्या निकोलाय व्होल्कॉफबरोबर त्यानं जोडीचं विजेतेपद घेतलं. मे १९८७ मध्ये न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली. आत शेख आणि रिंगमधला त्याचा शत्रू जिम डगन. अमली पदार्थ सापडले, पण धंद्याला जास्त झोंबलं ते दोघं एकाच गाडीत होते हे. दोघांचीही नोकरी गेली. शत्रूंनी वेगळ्या गाड्यांनी जायचं, वेगळ्या हॉटेलांत उतरायचं, हा तेव्हाचा कडक नियम होता.

१९९१ मध्ये आखाती युद्धाच्या वेळी याच इराण्याला कर्नल मुस्तफा नावाचा इराकचा समर्थक केलं. इराण-इराक युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती. हे मला अपमानास्पद वाटतं, आणि ते सोंग त्याला शोभलंही नाही.

१ एप्रिल २००१ ला रेसलमेनियात जुन्या सोंगांची एकत्र कुस्ती झाली. वरच्या दोरावरून बाहेर गेला तो बाद, असा नियम. शेखचे पाय इतके गेले होते की त्याला दोरावरून बाहेर टाकणं धोक्याचं होतं. म्हणून कुस्ती त्यालाच दिली, आणि तो जिंकताच स्लॉटरनं येऊन त्याला आपल्या कोब्रा क्लचमध्ये, म्हणजे मागून मान आवळणाऱ्या पकडीत, धरलं.