मारी गाणं आता कोण गाणार?

(दृश्य : मांडीवर टेकवलेलं अर्धगोल तंतुवाद्य. फक्त बोटं दिसतात. थोडा वेळ नुसता आवाज, मग निवेदन.)

हे कुस्ले. लाकडाची पोकळ पेटी आणि तिच्यावर ताणलेल्या तारा. पूर्वी या तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. मारी लोकांच्या देवराईला ते कुसोतो म्हणतात. तिथे गाव प्रार्थनेला जमलं की कार्त, म्हणजे पुजारी, मंत्र म्हणायचा आणि शेजारी कुस्ले वाजत असायचं.

मारी हा व्होल्गा नदीच्या मधल्या खोऱ्यातला समाज. मॉस्कोच्या पूर्वेला सहा-सातशे किलोमीटरवर मारी एल नावाचं त्यांचं प्रजासत्ताक आहे, राजधानी योष्कर-ओला. त्यांची भाषा रशियनच्या कुळातली नाही; तिचं नातं फिनिश, एस्टोनियन आणि हंगेरियनशी. १५५२मध्ये रशियाच्या झारने काझान जिंकलं. त्यानंतर कितीतरी मारी कुटुंबं पूर्वेकडे सरकत गेली आणि आजच्या बाश्कोर्तोस्तानात स्थिरावली. युरोपात राहूनही यातल्या अनेकांनी झाडांखालचा आपला जुना देव सोडला नाही.

(ध्वनी : बाईच्या आवाजातलं गाणं, साथीशिवाय.)

नीट ऐका. बहुतेक मारी गाणी पाच सुरांत असतात, मध्ये अर्धस्वर नाही. भूप ऐकलेल्या कानाला हे सूर परके वाटणार नाहीत. काही गाण्यांत तर पहिल्या दोन ओळींची चालच पुढच्या दोन ओळींत पाच स्वर खाली उतरून येते. १९३०च्या दशकात हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या हे लक्षात आलं. हंगेरीच्या खेड्यांतल्या जुन्या चाली आणि हजारो किलोमीटर दूरच्या मारी चाली एकाच ठेवणीच्या आहेत, असं त्यांनी दाखवलं. पुढे लास्लो विकार आणि गाबोर बेरेत्स्की हे हंगेरियन अभ्यासक व्होल्गाकाठी जाऊन स्वतः गाणी ध्वनिमुद्रित करून आले. त्यांचा संग्रह १९७१मध्ये छापून निघाला. त्याआधी खुद्द मारी संगीतकार याकोव्ह एश्पाय यांनी आपल्या लोकांच्या चाली जमवल्या होत्या. त्यांचे चिरंजीव आंद्रेई एश्पाय यांनी त्याच चाली सिंफनीत नेल्या.

आता पडद्याकडे वळू.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्र. टोपी घातलेला, खळखळून हसणारा तरुण.)

१९३१. आपल्याकडे ‘आलम आरा’ आला ते साल. त्याच वर्षी सोव्हिएत संघाचा पहिला बोलपट प्रदर्शित झाला, दिग्दर्शक निकोलाय एक्क. रस्त्यावर वाढलेल्या बेवारस पोरांची ही गोष्ट. त्या पोरांच्या म्होरक्याची, मुस्तफाची भूमिका एका बावीस वर्षांच्या मारी तरुणाने केली. नाव यिवान किर्ल्या. मारी भाषेत कविता लिहिणारा, खेड्यातून मॉस्कोला सिनेमा शिकायला गेलेला मुलगा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या पहिल्याच चित्रपट महोत्सवात हा सिनेमा दाखवला गेला. किर्ल्याचं ते मिस्कील हसू जगाने पाहिलं.

१९३७मध्ये त्याला अटक झाली. त्या वर्षी मारी लेखक, शिक्षक, अभ्यासक एकामागून एक उचलले गेले. आपल्या भाषेवरचं प्रेम हाच गुन्हा ठरला. सेर्गेई चवाइन यांना गोळी घातली. १९०५मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका कवितेपासून मारी साहित्याची सुरुवात मानतात, आणि ती कविता वनराईवरची आहे. किर्ल्या १९४३मध्ये श्रमछावणीतच वारला. सिनेमात काम करणारी मारी माणसांची एक अख्खी पिढी त्याच्या मागून यायला हवी होती. ती आली नाही. मारी सिनेमाबद्दल बोलताना ही रिकामी जागा विसरून चालणार नाही.

आजचं संकट वेगळं आहे, त्यात धरपकड नाही. २०१०च्या जनगणनेत रशियात सुमारे ५ लाख ४७ हजार मारी होते, २०२१मध्ये सुमारे ४ लाख २४ हजार. २०१८पासून प्रजासत्ताकांच्या शाळांत स्थानिक भाषा ऐच्छिक झाली. खेड्यातली मुलं शहरात जातात, घरात रशियन येते, आणि आजीशी बोलायला नातवाकडे शब्द उरत नाहीत.

(ध्वनी : गिटार आणि इलेक्ट्रॉनिक ताल, त्यावर मारी शब्द.)

म्हणून हे नवं संगीत महत्त्वाचं. मारी भाषेत पॉप आहे, रॅप आहे. जुन्या लग्नगीतांना गिटारची साथ आहे. यावर नाक मुरडणारेही आहेत. खरं मारी संगीत म्हणजे कुस्ले, त्युमिर नावाचा ढोल आणि बैलाच्या मूत्राशयाची पिशवी फुगवून वाजवायचं शुविर, असं ते म्हणतात. पण आज ज्याच्यावाचून मारी लग्न लागत नाही ते मार्ला कार्मोन बघा. ते अकॉर्डियनच आहे, एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेलं. मारी कारागिरांनी आणि वादकांनी त्याला आपल्या चालींत बसवलं. आपली पेटीसुद्धा युरोपातूनच आली आणि भजनात, नाट्यपदांत अशी मुरली की तिला कुणी परकी म्हणत नाही. गिटारलाही तेवढा वेळ द्यायला हवा. मला तर वाटतं, चाल बदलली तरी एकवेळ चालेल, शब्द मारी राहिले पाहिजेत.

२०१२मध्ये अलेक्सेई फेदोरचेंको यांनी कुरणातल्या मारी बायकांच्या छोट्या छोट्या गोष्टींचा एक चित्रपट केला. संवाद मारी भाषेत होते आणि तो रोमच्या महोत्सवात दाखवला गेला. चित्रपट देखणा आहे. पण दिग्दर्शक मारी नाहीत, त्यातले कितीतरी विधी कल्पनेतले आहेत, आणि पाहुण्याच्या नजरेला मारी जगणं जेवढं गूढ दिसतं तेवढंच ते पडद्यावर उतरलं आहे. तरीही महोत्सवाच्या अंधारात शेकडो परक्या माणसांनी ही भाषा दीड तास कानांनी ऐकली, हे मी कमी मानत नाही. त्याच वर्षी शेजारच्या उदमुर्त समाजातल्या आज्यांनी बाकूला झालेल्या युरोव्हिजन या युरोपातल्या गीतस्पर्धेत मुख्यतः आपल्या भाषेत गाऊन दुसरा क्रमांक मिळवला होता.

(दृश्य : खेड्यातलं अंगण. पांढरा भरतकामाचा अंगरखा, छातीवर नाण्यांचा दागिना. हालचालीसरशी नाणी खणखणतात. समोर मोबाइल धरलेली मुलगी.)

योष्कर-ओलात १९१९पासून मारी रंगभूमी उभी आहे. मारी बोलणारे नट तिथे घडतात. शोरुन्झा या मारी खेड्याला २०१९साठी फिन्नो-उग्रिक, म्हणजे फिनिश-हंगेरियन भाषाकुळातल्या समाजांच्या, सांस्कृतिक राजधानीचा मान मिळाला, तेव्हा पाहुणे थेट अशा अंगणांपर्यंत आले. आता कॅमेरा पाहुण्यांच्याच हातात राहिलेला नाही. गावातली मुलं आजीचं गाणं मोबाइलवर टिपतात, त्याला ताल जोडतात आणि रात्रीतून नेटवर टाकतात. शहरात वाढलेल्या मारी मुलांना त्यातले शब्द कळत नसतील, तर खाली रशियन उपशीर्षकं द्या, पण गाणं मारीतच राहू द्या. आणि आजीला फक्त गायला लावू नका. गाणं संपल्यावरही कॅमेरा चालू ठेवा. हे कुणाच्या लग्नात म्हणत, कोण आधी उचलायचं, नवरी कुठल्या ओळीला रडायची, हे तिला विचारा, मारीतच विचारा.