पुरानं काढून दिलेली यादी

नमस्कार मंडळी. मला इथे बोलावताना सांगितलं होतं की काका, तुमच्या घरच्या लायब्ररीवर बोला, आवडती क्लासिक पुस्तकं कोणती ते सांगा. म्हणून परवा यादी करायला बसलो, पाच-सहा नावं लिहिली, खोडली, परत लिहिली, आणि मग म्हटलं आपण हे काय करतोय, आपली यादी तर गंगेनंच काढून दिलीय, २ ऑगस्ट २०१६ ला. गंगा म्हणजे गोदावरी बरं का, बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. आम्ही नाशिककर 'गोदावरी' फक्त भूगोलाच्या पेपरात लिहितो.

आमचं घर जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या उताराला, तळमजल्यावर. त्या दिवशी सकाळपासून नुसता धो धो पाऊस, त्यात गंगापूर धरणाचं पाणी सोडलेलं. आमच्याकडे पूर मोजायची पट्टी म्हणजे दुतोंड्या मारुती, गंगेच्या पात्रातली उंच मूर्ती. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याशी आलं, अशा बातम्या घरोघर फिरतात. मी आपला निवांत, आत्तापर्यंत कधी आलं नाही ते आज काय येणार. आणि दुपारी मोरीतून उलटं पाणी यायला लागलं. दारातून येईल म्हणून आम्ही दारात पोती लावून बसलेलो, आणि बाई आली मागच्या बाजूनं!

आता कपाटाचं सांगतो. माझं कपाट भिंतभर, वरपासून खालपर्यंत. सगळ्यात वर कोण, तर रिटायरमेंटला मिळालेले सोनेरी अक्षरांचे संच. काचेआड, अगदी तोऱ्यात. त्यातले काही मी उघडलेलेही नाहीत, खोटं कशाला बोलू. आणि सगळ्यात खाली, जमिनीलगत, रोजची पुस्तकं. का, तर मी चटईवर भिंतीला टेकून वाचतो, हात लांबवला की मिळालं पाहिजे. म्हणजे ज्यांना मी कधी हात लावला नाही ते कोरडे राहिले आणि ज्यांच्यावर जीव ते सगळे गुडघाभर पाण्यात. साठ-पासष्ट पुस्तकं असतील.

पाणी रात्री उतरलं. गाळ, वास, लाईट नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याच रात्री महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला, माणसं गेली, त्यापुढे आपली पुस्तकं ती काय. हे कळत होतं, तरी मी कंदील घेऊन कपाटासमोरच बसलेलो.

माझी नोकरी नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये झाली, छत्तीस वर्षं, त्यामुळे कागद थोडाफार कळतो. नोटेचा कागद कापसाचा असतो, म्हणून शर्टाच्या खिशात धुतली गेली तरी नोट टिकते. कादंबरीचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो आधीच आम्लानं पिवळा पडलेला, पापडासारखा मोडणारा, भिजला की संपलाच. त्यातून गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर पानं चिकटून वीटच होते. आणि दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणजे हातात दोन दिवस, माणसं दोन, मी आणि ही. साठच्या साठ पुस्तकं वाचवणं शक्यच नव्हतं, निवडायला लागणार होतं.

तर मंडळी, ती निवड म्हणजे माझी यादी. कंदिलाच्या उजेडात पहिला हात गेला तो 'स्मृतिचित्रे'कडे, लक्ष्मीबाई टिळकांच्या. विचार वगैरे काही केला नाही. बाई आपल्या नाशकातल्याच, जलालपूरच्या, आणि लिहिलंय असं की ओट्यावर बसून सांगतायत. मराठीत एवढं साधं गद्य मला दुसरं सापडलेलं नाही, कुणाला राग आला तर येऊ दे. मग 'श्यामची आई', कारण साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि माझ्या प्रतीवर माझ्या वडिलांची सही. मग 'रणांगण'. मग चेकॉव्हच्या गोष्टी, जुन्या रशियन छपाईच्या, स्वस्तात मिळायच्या पण शिलाई अशी पक्की की पुरातनं निघाल्या तरी एक जुज, म्हणजे पानांचा शिवलेला गठ्ठा, सुटली नाही. याउलट आपली नुसत्या गोंदावर चिकटवलेली हल्लीची पुस्तकं उचलली की पुठ्ठा एका हातात आणि पानं दुसऱ्या. 'ययाति' मात्र मी बाजूला ठेवली. ज्ञानपीठ मिळालेली कादंबरी आहे, मान्य, विशीत मी तिच्यावर फिदा होतो, पण पन्नाशीत परत वाचली तेव्हा शब्द फार झाले असं वाटलं. ते मी कधी कुणाला बोललो नव्हतो. त्या रात्री हातानं सांगितलं.

आता वाळवायचं कसं. उन्हात टाकायची नाहीत, वेडीवाकडी होतात, आणि तसंही ऊन होतं कुठे. फॅनची हवा चालते, पण लाईट नाही. मग पानांमध्ये कोरे कागद घालायचे, ओले झाले की बदलायचे, पुस्तक उभं करायचं, पंख्यासारखं थोडं फाकवून. 'रणांगण' बारीक म्हणून दोरीवर बनियनच्या शेजारी वाळत घातलं. जाड पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून लेकीकडे इंदिरानगरला पाठवली, तिच्या फ्रीजरमध्ये. हसू नका, गोठवलं की बुरशी थांबते, मग सवडीनं वाळवता येतं. तिच्या सासूबाईंनी मटार काढायला फ्रीजर उघडला तर आत टॉलस्टॉय. त्या अजून मला लग्नकार्यात भेटल्या की विचारतात, काय, हल्ली काय गोठवताय?

त्या आठवड्यात जो येईल तो मला तात्यासाहेबांची, म्हणजे कुसुमाग्रजांची, पुरावरची 'कणा' कविता ऐकवायचा. मोबाईलवर तीच, दारात आलेल्या पाहुण्याच्या तोंडी तीच. कविता मोठीच आहे हो, पण चिखल उपसणाऱ्याला ती ऐकवू नये. त्याला खराटा द्यावा.

बावीस पुस्तकं बचावली. बाइंडरनं खळीत मोरचूद घालून नवे पुठ्ठे चढवले, कसर लागू नये म्हणून. कपाटाची रचना आता उलटी केलीय, संच खाली, ही मंडळी वर. गुडघे कुरकुरतात, स्टूल लागतं, पण ठीक आहे.

'स्मृतिचित्रे' फुगून दुप्पट झालीय, ती उभी मावतच नाही, आडवी ठेवतो. त्यात सुरुवातीची दोन पानं एकमेकांना चिकटली ती कायमची. सोडवायला गेलो असतो तर फाटली असती. म्हटलं राहू दे, मला पाठच आहेत. तिथे आलो की मी पुस्तक मांडीवर ठेवून हिला तोंडीच सांगायचो. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं, नानांचं ते सोवळ्याचं वेड, आणि पोस्टमननं आणलेलं पत्र ते पाणी शिंपडूनच घरात घ्यायचे, मग शाई फुटायची आणि कुणाचं काय लिहिलंय कळायचंच नाही. ही दरवेळी हसायची.

मागच्या वर्षी ही सावानात गेली. आमचं सार्वजनिक वाचनालय, १८४० चं, म्हणजे मराठीतली पहिली समजली जाते ती कादंबरी यायच्या सतरा वर्षं आधीचं. तिथून तिनं 'स्मृतिचित्रे' आणली आणि ती पानं काढून वाचली. संध्याकाळी मला म्हणाली, अहो, यात पत्राचं काही नाहीये.

मी म्हटलं, शक्यच नाही. चष्मा लावून दोनदा वाचलं. नाहीच. मग बऱ्याच वेळानं आठवलं, पत्रावर पाणी शिंपडायची ती माझी आजी.