गोधडीचा टाका, मिठाचा दाणा

नमस्कार श्रोतेहो.

मी फोटोग्राफर. चोपड्याला माझं छोटं दुकान आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, पासपोर्टचे फोटो, हे माझं रोजचं काम. आज मात्र मी माणसांच्या फोटोंबद्दल बोलणार नाही. मिठाच्या दाण्याबद्दल, सुईबद्दल, कापसाच्या एका तंतूबद्दल बोलणार आहे. चित्रं तुम्हाला दाखवता येत नाहीत, म्हणून जमेल तसं सांगतो.

हे सुरू झालं २०१८ साली. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. मे महिन्याच्या मधोमध अधिक महिना लागला आणि लग्नं थांबली. बाहेर आपलं खानदेशातलं ऊन, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. घरात बसून होतो. माय स्वयंपाकघरात मिठाची बरणी भरत होती, थोडं मीठ स्टीलच्या ताटात सांडलं. खिडकीतला उजेड तिरपा येत होता आणि त्या ताटात काहीतरी चमकलं. मी कॅमेरा आणला, पण माझी लेन्स तेवढ्या जवळचं पकडेना. मग एक जुनी ५० मिलिमीटरची लेन्स काढली, उलटी धरली आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी हाताने दाबून ठेवली. मीठ दिसलं. एकेक दाणा म्हणजे चौकोनी ठोकळा! कडा सरळ, कोपरे थोडे झिजलेले, पोटात धुक्यासारखा पांढरेपणा. पिशवीतलं बारीक मीठ होतं ते. जन्मभर खाल्लेलं.

माय मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "काय करी ऱ्हायना भो? मीठना बी फोटो काढस का?"

काढला. मग साखरेचा काढला, तिचे दाणे मिठासारखे ठोकळे नव्हते, कललेले, लांबट, तिरक्या पैलूंचे. दोन्ही पांढरे, दोन्ही बरणीतले, पण घडण वेगळी.

आता थोडं तंत्राचं सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी आज संध्याकाळीच करून बघेल अशी मला आशा आहे. एक सेंटिमीटरची वस्तू कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, एक सेंटिमीटरचीच उमटली, की त्याला एकास एक म्हणतात. खरं मॅक्रो, म्हणजे लहान वस्तूचं अगदी जवळून काढलेलं मोठं चित्र, तिथून पुढे. त्यासाठी महागडी लेन्स असते, पण ती नसली तरी अडत नाही. ५० मिलिमीटरची लेन्स उलटी लावली की जवळपास एकास एक मिळतं. उलटी बसवायला रिंग मिळते. किंवा लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ नळ्या लावायच्या. ५० च्या लेन्सला ५० मिलिमीटरच्या नळ्या लावल्या की हिशेब एकास एक. उजेड आत सोडणारं छिद्र लहानमोठं करायची, हाताने फिरवायची रिंग असलेली जुनी लेन्स या कामाला सगळ्यात चांगली, कारण नव्या लेन्सचं छिद्र कॅमेऱ्याच्या विजेवर चालतं आणि उलटी केली की ते जोडणंच तुटतं. आणि हो, उलट्या लेन्सची मागची काच उघडी राहते. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ तिच्यावर बसू देऊ नका. मी एकदा बसू दिली आणि ती पुसताना काचेवर ओरखडा आला, तो अजून आहे.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग घ्यावं किंवा सोनाराचं दहा पटींचं. मोबाइलच्या लेन्सला नेमकं चिकटवून धरायचं आणि मोबाइल हळूहळू वस्तूकडे न्यायचा. एका ठिकाणी चित्र एकदम लख्ख होतं. पहिला प्रयोग रुपयाच्या नाण्यावर करा. सालाच्या खाली बघा. तिथे चौकटचं चिन्ह असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीत पडलं, चांदणी असेल तर हैदराबादच्या, गोल ठिपका असेल तर नोएडाच्या, आणि काहीच नसेल तर कोलकात्याच्या. खिशातल्या नाण्यावर गावाची खूण असते, हे मला चाळिशीनंतर कळलं.

खरी अडचण पुढे येते. एकास एकला गेलात की स्पष्ट दिसणारा पट्टा एक मिलिमीटरही जाड नसतो. तिप्पट मोठं केलं तर तो पातळ होत होत केसाएवढा उरतो. सुईचं टोक स्पष्ट आलं तर नाकं धूसर, नाकं धरलं तर टोक गेलं. छिद्र बारीक केलं की पट्टा वाढतो, पण फार बारीक केलं की उजेड पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. त्यातून एकास एकला उजेडही चौपट लागतो. म्हणून एकाच वस्तूचे वीस-तीस फोटो काढायचे, दर वेळी कॅमेरा इवलासा पुढे सरकवायचा आणि नंतर संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडायचा. सरकवायचं कशाने? मी आमच्या लेथवाल्या मित्राकडे गेलो. त्याने सहा मिलिमीटरच्या बोल्टवर एक पट्टी बसवून दिली. त्या बोल्टचे आटे एक मिलिमीटरचे असतात, एक फेरा दिला की कॅमेरा बरोब्बर एक मिलिमीटर पुढे जातो. फेऱ्याचे दहा भाग खडूने आखून घेतले. आजही तीच पट्टी वापरतो.

उजेडासाठी बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा आहे. खिडकीला लावला की ऊन गाळून येतं, सुईवरची झळाळी शमते. फ्लॅशपेक्षा मला तेच आवडतं.

सुई मी का निवडली, तेही सांगतो. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेली चित्रं १६६५ साली छापली आणि त्यात सुरुवात केली ती सुईच्या टोकापासून. आपण जिला तीक्ष्ण म्हणतो ती त्याला बोथट, खडबडीत दिसली. माझ्या मायच्या सुईचंही तसंच आहे, टोकाला चरे, एका बाजूला गंजाचा ठिपका. पण नाक्याची आतली कड! ती आरशासारखी गुळगुळीत. किती वर्षं किती दोरे तिथून सरकले असतील. तो फोटो मी दुकानात लावला आहे, लग्नाच्या अल्बमांच्या शेजारी.

कापसाने मला सगळ्यात जास्त दमवलं. पंखा बंद, दार बंद, घाम गळतोय, आणि श्वास सोडला की तंतू उडाला. एका तंतूची जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग, त्याहूनही कमी. एकास एकला तो पुसट रेघ दिसतो. तिप्पट केल्यावर कळलं की ती रेघ नाही, पीळ पडलेली फीत आहे. बोंड मिटलेलं असतं तेव्हा तंतू म्हणजे पोकळ नळी असते, बोंड फुटून वाळलं की ती नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. तो पीळ असतो म्हणून एक तंतू दुसऱ्याला धरतो, म्हणून सूत निघतं. श्रोतेहो, आमच्या घरी तीन पिढ्या कापूस होता. वेचणी माहीत, भाव माहीत, बोंडअळी माहीत. हा पीळ कुणालाच माहीत नव्हता.

पाण्याच्या थेंबात फूल दिसतं, तेलाचे रंगीत बुडबुडे दिसतात, असे मॅक्रो फोटो पुष्कळ काढले जातात. दिसतात सुंदर. पण ते कुणाच्या घरातले वाटत नाहीत, म्हणून माझा जीव त्यांत रमत नाही. मला वापरलेली वस्तू हवी असते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात गोधडी घेतली. घरातली सगळ्यात जुनी. एका टाक्याचे बत्तीस फोटो काढले, जोडले, मोठी प्रिंट काढली. कापडाचे आडवे-उभे धागे दोरखंडासारखे, त्यांतून वर आलेला टाका, बाजूला सुटलेले तंतू, आणि पीळ मला ओळखू आला. मी खूश होऊन प्रिंट मायला नेऊन दिली. तिला म्हटलं, तुझा टाका बघ.

तिने चष्मा लावला. प्रिंट खिडकीशी नेली. बराच वेळ बघत राहिली. मग बोट ठेवलं. मी बत्तीस वेळा पाहिलेल्या त्या दोऱ्यात दोन दोरे एकत्र होते, एक पांढरा आणि एक विटलेला हिरवा.

"हाऊ टाका मना नहीं," ती म्हणाली. "तुनी आजीना शे. ती लुगडाना काठमातून दोरा ओढे."

नमस्कार.