उसाची दोन बेटं

(पडद्यावर: उसाचा फड. मधोमध काळ्या धोंड्यांचा, माणसापेक्षा उंच ढीग.)

हा फड कोल्हापूरचा नाही, सांगलीचाही नाही. मधल्या त्या काळ्या दगडांकडे बघा. आपल्या सह्याद्रीत असतो तसाच हा बेसाल्ट. मॉरिशसची जमीन या दगडांनी खच्चून भरलेली होती. बोटीनं आणलेल्या मजुरांनी एकेक धोंडा हातानं उचलला, शेताच्या मधोमध रचला आणि मोकळ्या झालेल्या मातीत उसाची कांडी लावली. यंत्रानं तोडणी करायची म्हणून पुढं बरेच ढीग हलवले गेले, पण काही अजून जागेवर आहेत. या बेटाच्या अर्थव्यवस्थेचा पाया कुणी घातला हे ज्याला बघायचं असेल, त्यानं हे ढीग बघावेत.

(पडद्यावर: अरुंद रूळ. उसानं भरलेल्या डब्यांची छोटी गाडी.)

आणि हा ऊस फिजीचा. पहिल्या फडापासून बारा हजार किलोमीटर लांब, प्रशांत महासागरात. दोन्हीकडे गाळप जूनच्या सुमारास सुरू होतं, म्हणजे आपले कारखाने बंद असतात तेव्हा.

दोन्ही देश इंग्रजांच्या ताब्यात होते, दोन्हीकडे साखरेवर सगळं चालायचं आणि दोन्हीकडे ऊस तोडायला हिंदुस्थानातून माणसं नेली. मॉरिशस १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला, फिजी १० ऑक्टोबर १९७० ला. आज मॉरिशसचं दरडोई उत्पन्न वर्षाला साधारण ११ हजार डॉलरच्या घरात आहे. फिजीचं त्याच्या निम्म्याच्या आसपास.

आता उलटी गोष्ट सांगतो. सत्तरच्या दशकात फिजी पुढं होता.

२ नोव्हेंबर १८३४ ला ‘अॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या धक्क्यावर उतरली. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची माणसं होती. त्यांची नातवंडं-पतवंडं तिथल्या शाळांत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते.

फिजीची पाळी नंतर आली. १४ मे १८७९ ला ‘लिओनिदास’ जहाज तिथं पोचलं. ही तारीख लक्षात ठेवा. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं गेली. करारनाम्याला इंग्रजीत अॅग्रीमेंट म्हणतात, त्याचं झालं ‘गिरमिट’ आणि माणसं झाली गिरमिटिया. राहायला ‘कुली लैन’, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या खोल्यांची चाळ.

दोन्ही बेटांना जोडणारा एक माणूस आहे, सर आर्थर गॉर्डन. १८७१ ते १८७४ तो मॉरिशसचा गव्हर्नर होता. मळेवाल्यांच्या हाताखाली मजुरांचे काय हाल होतात ते त्यानं तिथं जवळून पाहिलं. तिथून तो फिजीचा गव्हर्नर झाला, आणि त्यानं ठरवलं की फिजीच्या मूळ रहिवाशांना, म्हणजे आज ज्यांना इतौकेई म्हणतात त्यांना, मळ्यावर जुंपायचं नाही आणि त्यांची जमीन कुणाला विकू द्यायची नाही. मग ऊस कुणी तोडायचा? त्याचं उत्तर त्यानं मॉरिशसमध्ये पाहिलेलं होतं. त्यानं हिंदुस्थानातून मजूर आणले.

एका समाजाची जमीन वाचवण्यासाठी दुसऱ्या समाजाला बिनजमिनीचं करून आणलं गेलं. फिजीच्या अर्थकारणाची गाठ इथं बसली, आणि ती अजून पुरती सुटलेली नाही.

(पडद्यावर: पोर्ट लुई, जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

साठच्या दशकातला मॉरिशस कसा होता? हिवताप आटोक्यात आला होता, लोकसंख्या झपाट्यानं वाढत होती आणि पीक एकच, ऊस. जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९६१ मध्ये अहवाल दिला. त्याला या बेटाचं भवितव्य बिकट दिसत होतं, कारण माणसं वाढत होती आणि हातांना काम नव्हतं. याच मीडला पुढं नोबेल मिळालं, म्हणजे माणूस कच्चा नव्हता. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये, पोर्ट लुईत दंगल पेटली ती वेगळीच.

फिजीकडे मात्र जमीन भरपूर, माणसं कमी. मॉरिशस जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचा, फिजी अठरा हजारांवर. खोबरं होतं, वातुकौलाच्या खाणीत सोनं होतं, आणि नांदीच्या विमानतळावर ऑस्ट्रेलिया-अमेरिकेचे प्रवासी उतरत होते.

मग दोघांनाही एकच घबाड मिळालं. १९७५ च्या लोमे करारात युरोपनं आपल्या जुन्या वसाहतींची साखर ठरावीक कोट्यात, हमीच्या दरानं घ्यायचं कबूल केलं. हा दर बरीच वर्षं जागतिक बाजाराच्या दुप्पट-तिप्पट असायचा. मॉरिशसच्या वाट्याला पाच लाख टनांचा कोटा आला, सगळ्यांत मोठा. फिजीला मिळाला सुमारे एक लाख पासष्ट हजार टनांचा. आता इथं कुणी म्हणेल, झालं तर मग, मोठा कोटा मिळाला म्हणून मॉरिशस पुढं गेला. कोट्याचा वाटा आहेच. पण नुसत्या कोट्यावर देश उभा राहत नाही. पैसा आला, तो गेला कुठं, हे बघायला हवं.

मॉरिशसचे मोठे मळे फ्रेंच वंशाच्या मूठभर घराण्यांकडे होते. नव्या सरकारला मतं दिली ती मुख्यतः उसाच्या मजुरांच्या मुलांनी. सूड उगवायचा, मळे ताब्यात घ्यायचे, असं सहज होऊ शकलं असतं. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी ते केलं नाही. मळे मालकांकडेच ठेवले, पण साखरेच्या निर्यातीवर कर घेतला. म्हाताऱ्यांना सरसकट पेन्शन तर पन्नासच्या दशकापासूनच होती. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. आणि मालकांच्या हातात राहिलेल्या पैशासाठी १९७० सालीच एक वाट काढून ठेवलेली होती, निर्यात कारखान्यांना करसवलत देणारा कायदा.

या कायद्यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाकी देश निर्यातीसाठी एखादा भाग कुंपण घालून वेगळा करतात. मॉरिशसनं कुंपण घातलंच नाही. बेटावर कुठंही कारखाना काढा, माल बाहेर विका, सवलत मिळेल. म्हणून कारखाना माणसांच्या दाराशी गेला. आणि माणसांच्या म्हणजे मुख्यतः बायकांच्या. ज्या घरात कमावणारा एकच कोयता होता, तिथली मुलगी, सून सकाळी शिलाईच्या किंवा विणकामाच्या कामाला निघाली. उष्ण कटिबंधातलं हे बेट युरोपला लोकरी स्वेटर विकायला लागलं! हाँगकाँग चीनकडे जाणार म्हणून धास्तावलेले तिथले उद्योजकही ऐंशीच्या दशकात इकडे वळले, आणि बेटावरच्या चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांमुळे त्यांना परकं वाटलं नाही. दशकाच्या सुरुवातीला बेरोजगारी वीस टक्क्यांच्या आसपास होती. दशक संपताना कामाला माणसं कमी पडायला लागली.

(पडद्यावर: फिजी. टेकडीच्या उतारावरचं दहा एकराचं शेत, पत्र्याचं घर, आंब्याचं झाड.)

फिजीतला ऊस उत्पादक बहुधा असा असतो, दहा एकरवाला. मोठे मळे मोडून साखर कंपनीनंच भारतीयांना हे तुकडे कसायला दिले. ही कंपनी ऑस्ट्रेलियाची. दरावरून शेतकऱ्यांशी तिचं वाजलं तेव्हा लवाद म्हणून इंग्लंडचे लॉर्ड डेनिंग आले. १९७० मध्ये त्यांनी उत्पन्नातला ६५ टक्के वाटा शेतकऱ्याला द्यायचा निवाडा केला. कंपनीला तो परवडेना, १९७३ मध्ये ती निघून गेली आणि कारखाने सरकारकडे आले. आपल्याकडं उसाच्या दरासाठी रस्त्यावर उतरलेल्या कुणालाही हा विजय कळेल.

पण शेत कुणाचं? शेतकऱ्याचं नाही. फिजीतली ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन इतौकेईंच्या वंशगटांची, ज्यांना तिथं मतांगाली म्हणतात. ती विकता येत नाही, भाडेपट्ट्यानंच मिळते. आपल्याकडं कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याच्या नावावर सातबारा व्हायला लागला. फिजीतलं कूळ मात्र कूळच राहिलं. आणि कायद्यानं पट्ट्याची मुदत ठरली तीस वर्षं.

इथं मला एका बाजूचं बोलायचं नाही. मॉरिशसवर मूळचे रहिवासीच नव्हते. डच, फ्रेंच, आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम, भारतीय, चिनी, सगळे बाहेरचे. ‘ही भूमी आमच्या पूर्वजांची’ असं म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. फिजीत होतं, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. जगभर मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा गेल्या ते पाहिलं की इतौकेईंनी आपली जमीन धरून ठेवली याचं मोल कळतं.

तरीही ज्याच्या पट्ट्याची पाच वर्षं उरली आहेत, तो विहीर खणेल का? नवी लागण करेल, की आहे तोच ऊस पिळून घेईल?

आणि मग १४ मे १९८७. ‘लिओनिदास’ला बरोबर १०८ वर्षं झाली होती. भारतीयांच्या पाठिंब्यावर निवडून आलेलं सरकार सत्तेवर येऊन महिनाच लोटला होता. लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका सैनिक घेऊन संसदेत घुसले. सप्टेंबरमध्ये पुन्हा उठाव. १९ मे २००० ला पंतप्रधान महेंद्र चौधरी यांना संसदेतच ओलीस धरलं, ५६ दिवस. डिसेंबर २००६ मध्ये लष्करप्रमुख बैनिमारामांचा चौथा उठाव. मॉरिशसला लष्करच नाही, पोलीस आहेत. १९८२ मध्ये तिथं विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या आणि रामगुलाम गुपचूप पायउतार झाले.

फिजीचं नुकसान मोजायचं कसं? चलनाची किंमत १९८७, १९९८ आणि २००९ मध्ये घटवली, हे आकड्यात दिसतं. पण डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस सिडनीला, ऑकलंडला, व्हँकुव्हरला निघून गेले. १९८६ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक जवळजवळ निम्मे होते, आज एक तृतीयांशाच्या आसपास. त्यातच १९९७ पासून पट्टे संपायला लागले. घर, गोठा, आंब्याचं झाड तिथंच सोडून कुटुंबं शहराच्या कडेच्या झोपड्यांत आली. बऱ्याच शेतांत रान माजलं. नव्वदच्या दशकात पाच लाख टनांवर गेलेली साखर आता दीड लाखाच्या आत-बाहेर आहे.

युरोपनं हमीचा दर २००६ पासून टप्प्याटप्प्यानं ३६ टक्क्यांनी कापला, तेव्हा मार दोघांनाही बसला. मॉरिशसचीही साखर सात लाख टनांवरून अडीच लाखांखाली आली आहे. पण तिथं कारखाने एकत्र करून तीनवर आणले, कच्ची साखर सोडून पांढरी आणि मस्कोवाडोसारखी खास साखर विकायला घेतली, बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज केली. आणि मळेवाल्यांचा पैसा तोवर हॉटेलांत, कापडात, बँकांत गेलेला होता.

बँकांवरून एक गोष्ट बोलायलाच हवी. १९८२ मध्ये भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्याच्या आडोशानं वर्षानुवर्षं भारतात गुंतवणूक मॉरिशसमार्गे आली, कित्येकदा नुसती पोर्ट लुईच्या पत्त्यावरून. त्या पैशावरचा कर भारताच्या तिजोरीत पडायला हवा होता. मॉरिशसच्या भरभराटीचा हा भाग मला मान्य होत नाही. २०१६ मध्ये करार बदलला आणि ती पळवाट बरीचशी बंद झाली.

मॉरिशसमध्येही सगळे वर आले नाहीत. गुलामांचे वंशज, क्रिओल, मागं राहिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्यांचा एक लाडका गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटलं. आज तिथल्या कापड कारखान्यांत बांगलादेशी कामगार आहेत, आणि मॉरिशसची तरुण मुलं कॅनडाची वाट धरतात.

२०२० मध्ये विमानं थांबली तशी दोन्ही अर्थव्यवस्था कोसळल्या. फिजी १७ टक्क्यांनी, मॉरिशस १४-१५ टक्क्यांनी. दोघंही पर्यटकांवर इतके विसंबलेले! फिजीला त्या वेळी हात दिला तो बाहेर गेलेल्या माणसांनी. ब्रिटिश लष्करातले जवान, ऑस्ट्रेलियातल्या फळबागांत राबणारे मजूर, परदेशी इस्पितळांतल्या परिचारिका. २०२२ मध्ये त्यांनी घरी पाठवलेली रक्कम एक अब्ज फिजी डॉलरवर गेली. साखर आता तिच्या जवळपासही नाही.

(पडद्यावर: सुवा, एक भरलेलं सभागृह.)

१४ मे २०२३. तीच तारीख. राबुका निवडून येऊन पुन्हा पंतप्रधान झाले होते. सुवातल्या प्रार्थनासभेत त्यांनी १९८७ साठी भारतीय वंशाच्या लोकांची जाहीर माफी मागितली. दुसऱ्या दिवशी फिजीत पहिल्यांदाच गिरमिट दिनाची सार्वजनिक सुट्टी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाळप हंगाम सुरू झाला. एके काळच्या चारपैकी तीन कारखान्यांची धुराडी पेटली. चौथा, राकिराकीजवळचा पेनांग, २०१६ च्या विन्स्टन वादळानंतर बंदच आहे.