गाळावरची सकाळ

[अंधार. फक्त आवाज: पाण्यातली चुळबुळ, लांबवर टिटवी.]

हे नाव तुम्ही दर पावसाळ्यात ऐकता. ‘नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे विसर्ग वाढवला.’ आज इतके हजार क्युसेक, उद्या तितके. मग थंडी पडली की बातम्यांत येतो निफाडचा पारा. आपण त्याच निफाड तालुक्यात, त्याच बंधाऱ्याच्या फुगवट्यावर आलो आहोत. संक्रांत होऊन चार दिवस झालेत. चापडगावची बाजू, पहाटेचे साडेसहा. धुकं असं की निरीक्षण मनोरा दिसतोय, पण मनोऱ्यावरून पाणी दिसत नाही.

पायवाटेवरून एक कानटोपी आणि एक शाल येते. काका-काकू. नाशिकहून पहाटेच निघालेत. काकांच्या गळ्यात दुर्बीण, काकूंच्या पिशवीत थर्मास, गूळपोळ्या आणि एका पतसंस्थेची जुनी डायरी.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. वरच्या आवाजातलं काही त्यांना आता ऐकू येत नाही. पाणपक्ष्यांचं ठीक आहे, पण काठच्या बाभळीतली बारीक किलबिल त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून काकू उजवीकडे बसतात. आवाज आला की काकांच्या मनगटावर बोट टेकवतात आणि त्या दिशेला हलकेच दाबतात. दुर्बीण तिकडे वळते.

“दिसला?”

“थांब गं.”

[धुकं विरळ होतं. पाण्यावर काळे ठिपके.]

हे ठिपके म्हणजे वारकरी. अंग काळं, चोच पांढरी आणि कपाळावर तसाच पांढरा टिळा. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण पक्षी पाहिल्यावर दुसरं नाव सुचत नाही. पलीकडे थापटे. चोच थापीसारखी रुंद. दोघं-तिघं एकमेकांच्या मागे गोल गोल पोहतात, खालचं ढवळून वर आणतात आणि चोचीच्या कडेच्या फणीतून गाळून खातात. शेजारी उथळ पाण्यात चमचा उभा आहे. चोच अर्धवट उघडी ठेवून तो मान डावीउजवीकडे फिरवतोय. बघून नाही, चाचपून खातो हा. चोचीला काही लागलं की मिटली चोच.

या सगळ्यांना एक गोष्ट लागते: पाणी खोल नको. आणि इथलं पाणी उथळ का, हे काकांइतकं चांगलं कुणी सांगणार नाही.

इथे गोदावरीला कादवा मिळते. इंग्रजांच्या काळात संगमाजवळ दगडी बंधारा बांधला आणि दोन्ही काठांनी कोपरगावकडे कालवे काढले. दोन्ही नद्या दर पावसाळ्यात माती घेऊन आल्या. पाणी थबकलं तशी माती बसली. वर्षानुवर्षं बसतच गेली. मधे बेटं उगवली, बेटांवर पाणकणीस माजलं, त्यात गोगलगायी, किडे, मासळीची पिल्लं. “आमच्या वहीत गाळ म्हणजे तूट,” काका म्हणतात. “साठा किती घटला, एवढंच मोजायचं. अख्खी नोकरी गाळाच्या नावानं बोटं मोडली. आणि आता बघा, पेट्रोल जाळून तोच बघायला येतो.”

ही तूट पक्ष्यांनी ओळखली, सरकारी कागदावर यायला मात्र वेळ लागला. 1986 साली अभयारण्य झालं. 2019 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं, लोणारच्याही आधी. पण आजही हे पाणी आधी शेताचं आहे. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्यांना पाळीचं पाणी सोडलं, की पातळी खालीवर होते, कालचा चिखल आज बुडतो आणि चिखलात चालणारे पक्षी पंगत उठावी तसे दुसरीकडे जाऊन बसतात. काठावरच्या उसाला आणि द्राक्षांना त्याचं काही नाही.

[जवळून: पाणकणसात जांभळी पाणकोंबडी.]

ही जरा बघू या. अंग निळं-जांभळं, पाय लाल आणि बोटं अंगाच्या मानानं भलतीच लांब. एका पायानं पाणकणसाचा कोंब उपटते, मुठीत धरावा तसा पंजात धरते आणि आतला मऊ गाभा सोलून खाते. आपण ऊस खातो तसा. काकू डायरी मिटून तिच्याकडेच बघत राहिल्यात.

“अहो, डावीकडे. ती जोडी.”

तपकिरी, साधं बदक. चोच काळी, टोकाला पिवळी आणि कपाळाला टेकते तिथे दोन लाल ठिपके. हळदी-कुंकू. थापटे उन्हाळ्यात दूर उत्तरेला परततील. ही जोडी इथलीच.

“संध्याकाळी मलाही जायचंय हळदी-कुंकवाला,” काकू म्हणतात. “दोन घरची बोलावणी आहेत.”

“मग दहाला निघू.”

“साडेदहा.”

ऊन पडलंय. काकांनी वारकरी मोजायला घेतलेत, बोटांच्या पेरांवर, दहा-दहाचे घास करून. ओठ हलतायत. काकू पेन उघडून तयार. दोनशे दहा, दोनशे वीस, दोनशे तीस...

[वरून दलदल ससाणा येतो. पंख उचललेले, पाणकणसाला घासत.]

आणि एकदम सगळं पाणी उठतं. बदकं सरळ हवेत, वारकरी मात्र पाण्यावरून पळत, पाय आपटत, फडफडत, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. चक्रवाकांचा ओरडा, तो काकांनाही ऐकू येतो. ससाणा काही न मिळवता पुढे निघून जातो. पक्षी परत बसतात, पण आधीच्या जागी कुणीच नाही.

काका पेरावरचा अंगठा काढतात.

काकू थोडा वेळ वाट बघतात आणि मग डायरीत तारखेखाली लिहितात: ‘वारकरी – पुष्कळ.’

थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज.